सावित्रीच्या खाडींतील जलप्रवास

उत्तरेकडील हिमनद्या आणि देवमासे पाहण्यासाठीं जहाजानें जाणारीं महाराष्ट्रीय कुटुंबें आतां पूर्वींसारखीं विरळा राहिलेलीं नाहींत. अलास्काच्या किनाऱ्यानें किंवा नॉर्वेच्या चिंचोळ्या, खोल खाड्यांतून आठ-दहा दिवस जावयाचें आणि वाटेंत ज्या ज्या बंदरीं जहाज लागेल तेथें उतरून चार घटका भूमीवर काढावयाच्या, असा हा प्रवास असतो. जे जाऊन आले आहेत ते सांगतात कीं, या प्रवासाची खरी तयारी जहाजाच्या तिकिटाची नव्हे, तर त्या चार घटकांची. कोणत्या बंदरीं उतरावें, कोणत्या बंदरीं जहाजाच्या कठड्याशींच उभें राहावें, देवमासा कोणत्या महिन्यांत दिसतो, आणि जहाजाचा भोंगा होण्यापूर्वीं परत कसें पोंचावें, याचा विचार घरीं बसूनच करावा लागतो. अलास्कांतील ग्लेशियर बे नांवाच्या उपसागरांत दिवसाकाठीं दोनच मोठ्या प्रवासी जहाजांस प्रवेश मिळतो. हवाईच्या उबदार पाण्यांतून तेथें येणारे कुबडे देवमासे उन्हाळ्याचे महिनेच काय ते तेथें राहतात. यजमान निसर्ग, आणि त्याची वेळ सांभाळावयाची पाहुण्यानें, अशी ही एकंदर व्यवस्था आहे.

ही विद्या आपणांस परकी वाटते खरी. परंतु कोंकणांतील एका खाडीवर ती कित्येक पिढ्या नित्याच्या व्यवहारांत होती. ती खाडी सावित्रीची. बाणकोटाच्या मुखांतून आंत शिरावें, दासगांवास उतरावें, तेथून महाड, महाडाहून पोलादपूर आणि मग घाट, हा मार्ग एके काळीं मुंबईहून सह्याद्रीच्या माथ्यावर जाण्याचा राजमार्ग होता. त्या मार्गानें हवापालटास जाणारे गोरे साहेब गेले, सुपारी-नारळाचे व्यापारी गेले, गिरणींतून रजा घेऊन गांवीं निघालेले चाकरमानी गेले; आणि १९२७ सालच्या डिसेंबरांत त्याच मार्गानें एक अशी आगबोट गेली कीं जिची नोंद हिंदुस्थानच्या इतिहासांतून पुसली जाणार नाहीं. त्या मार्गाची हकीकत आज सांगावयाची आहे.

प्रथम भूगोल ध्यानीं घ्यावा. महाबळेश्वरास ज्या पांच नद्यांचीं उगमस्थानें दाखवितात त्यांपैकीं कृष्णा, कोयना आणि वेण्णा या पूर्वेकडे वळून देश भिजवितात. सावित्री मात्र पश्चिमेची वाट धरते, आणि कड्यावरून खालीं उतरून पोलादपूरचा परिसर ओलांडून महाडाशीं येते. महाडाच्या आसपास तिला काळ आणि गांधारी या रायगडाच्या बाजूनें येणाऱ्या नद्या मिळतात. महाडाच्या खालीं नदीपण संपतें आणि खाडीपण सुरू होतें. तेथून समुद्र तीस-पस्तीस मैल दूर. पण समुद्राचा श्वास मात्र दिवसांतून दोन वेळां महाडापर्यंत येऊन पोंचतो. मुखाशीं उत्तरेस हरिहरेश्वर, दक्षिणेस बाणकोट. महाड आणि पोलादपूर हीं जुन्या कुलाबा जिल्ह्यांतलीं. १९८१ सालीं या जिल्ह्यास रायगड हें नांव मिळालें. बाणकोट पलीकडचें, रत्नागिरी जिल्ह्यांतलें.

अशा खाडींत घड्याळ चालत नाहीं, पंचांग चालतें. भरती रोज सुमारें पन्नास मिनिटांनीं उशिरां येते, हें आपण शाळेंत शिकतों. परंतु कोंकणांतील तांडेलानें तें शाळेंत जाऊन शिकलेलें नसतें. त्याचा हिशेब सोपा आहे. पक्षाची तिथि घ्यावी, तिची पाऊणपट करावी, म्हणजे बारानंतर किती वाजतां पूर्ण भरती होईल तें निघतें. प्रतिपदेस पाऊण वाजतां, चतुर्थीस तीन वाजतां, अष्टमीस सहा वाजतां. अमावास्या-पौर्णिमेस उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग. भांगाच्या भरतींत पाणी अंगाचें तेवढेंच चढतें. उधाणाच्या भरतींत तें काठ सोडून वर येतें. ज्याला मोठी होडी घेऊन महाडाच्या धक्क्यास लागावयाचें असेल त्यानें उधाण धरावें. ज्याला तें साधलें नाहीं त्यानें दासगांवीं उतरून पुढचे पांच मैल पायीं चालावे. सावित्रीवरील प्रवासाचें सारें वेळापत्रक या दोन वाक्यांत मावतें. मुखाजवळ वाळूचा दांडा आहे, त्यावर लाटा फुटतात, म्हणून आंत शिरण्याची घडीही भरतीच ठरविते. पावसाळ्यांत तर बंदर बंदच. नारळी पौर्णिमा होऊन समुद्र निवळेपर्यंत कोंकणच्या किनाऱ्यावर आगबोटी फिरकत नसत.

या खाडीचें महत्त्व फार जुनें आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील एका ग्रीक नाविकाच्या प्रवासवर्णनांत कोंकणच्या बंदरांमध्यें मंदगोर असें एक नांव येतें, आणि कित्येक पंडित तें बाणकोटच असावें असें मानतात. तें असो वा नसो. महाडापासून हाकेच्या अंतरावर गांधारपाल्याच्या डोंगरांत कोरलेलीं बौद्ध लेणीं डोळ्यांपुढें आहेत, आणि त्यांतील एका लेखांत कुमार काणभोअ विष्णुपालित हें दात्याचें नांव आहे. व्यापाराची वाट असल्याखेरीज कोणी डोंगर पोखरून विहार बांधीत नाहीं. खाडींतून वर येणारा माल येथें उतरावयाचा आणि बैलांच्या पाठीवर वरंध्याच्या किंवा पारच्या घाटानें देशावर जावयाचा. लेणीं त्या वाटेवर बसलेलीं आहेत. आजही महामार्गावरून जातांना मान वर केली तर तीं दिसतात. पण मोटारींतील मंडळी बहुधा पुढच्या चहाच्या विचारांत असतात.

शिवछत्रपतींनीं रायगड राजधानी केल्यावर या खाडीस राजद्वाराचें महत्त्व आलें. पोलादपूराजवळचें उमरठ हें तानाजी मालुसऱ्यांचें गांव, आणि खुद्द पोलादपुरांत 'शिवभारत'कार कवींद्र परमानंदांची समाधि. पेशवाईच्या उत्तरार्धांत तर महाड हें संकटसमयीं पळून येण्याचें ठिकाणच होऊन बसलें. १७९६ सालीं नाना फडणीस येथें आले. १८०२ सालीं पुण्याच्या लढाईंत होळकरांकडून पराभव झाल्यावर दुसरे बाजीराव याच बाजूस उतरले आणि येथून किनाऱ्याकिनाऱ्यानें वसईस जाऊन त्यांनीं तो प्रसिद्ध तह केला. ज्याला समुद्राकडे जावयाचें त्याला सावित्री गांठावी लागे, एवढाच यांतला भूगोलाचा धडा. राजकारणाचा धडा सर्वांस ठाऊक आहे.

इंग्रजांची गोष्ट थोडी निराळी. १७५५ सालीं कमोडोर जेम्स याच्या स्वारींत बाणकोटचा हिम्मतगड इंग्रजांकडे आला; त्याला त्यांनीं फोर्ट व्हिक्टोरिया हें नांव दिलें. पुढील वर्षीं पेशव्यांशीं झालेल्या तहानें तो किल्ला आणि कांहीं गांवें त्यांच्याकडे कायम राहिलीं, आणि त्या गांवांत खाडीच्या वरच्या टोकाचें दासगांव होतें. एका टोकाला किल्ला आणि दुसऱ्या टोकाला उतरण्याचें गांव! खाडीचीं दोन्ही दारें ज्याच्या हातीं त्याच्या हातीं खाडी, हें कंपनीच्या लोकांस चांगलें कळत होतें. मुंबईबाहेर कंपनीच्या ताब्यांत आलेल्या कोंकणच्या भूमींपैकीं ही अगदीं आरंभींची. या दासगांवाच्या इंग्रजी अंमलाचा एक परिणाम दीड शतकाहून अधिक काळानें दिसावयाचा होता. त्याकडे पुढें येऊं.

किनाऱ्यावर उतरून पाहण्याच्या हौसेनें या खाडींत आलेल्या जुन्या प्रवाशांत जेम्स फोर्ब्स याचें नांव घ्यावें लागेल. हा कंपनीचा नोकर अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत हिंदुस्थानांत होता. प्रकृतीसाठीं फोर्ट व्हिक्टोरियास येऊन तो दासगांवच्या बाजूच्या उन्हाळ्यांपर्यंत गेला. उन्हाळें म्हणजे उष्ण पाण्याचे झरे. सव गांवचे हे झरे खाडीच्या काठींच आहेत आणि आजही लोक तेथें स्नान करतात. फोर्ब्सचा विशेष असा कीं तो नुसता हवा खाऊन परतणारा नव्हता. पक्षी, फुलें, झाडें, माणसें यांचीं चित्रें काढण्याचा त्याला नाद होता, आणि १८१३ सालीं त्याचे ग्रंथ प्रसिद्ध झाले तेव्हां त्यांत तीं चित्रें छापलीं गेलीं. जहाजांतून उतरून पांखरें पाहावयाचीं आणि तीं कागदावर घेऊन जावयाचीं, ही आजच्या प्रवाशाची हौस या गृहस्थानें तेव्हांच पुरविली होती.

पुढें १८२८-२९ च्या सुमारास गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनीं महाबळेश्वर हें हवा खाण्याचें ठाणें म्हणून वसविलें, आणि सावित्रीच्या खाडीस हंगामी गर्दी होऊं लागली. मुंबईहून निघालेला साहेब होडीनें बाणकोटावरून वर येई, महाडास उतरे, आणि पालखी, डोली किंवा तट्टू यांवर पोलादपूरच्या बाजूनें पारचा घाट चढे. मडमा, मुलें, आया, खानसामे, बिछाने, पेट्या, हें सारें लटांबर घेऊन. हमाल आगाऊ सांगून ठेवावे लागत. होडी भरतीवर पोंचली आणि हमाल आले नाहींत तर चिखलाच्या काठीं रात्र काढण्याची पाळी. महाबळेश्वराच्या ज्या टोंकास आर्थर सीट म्हणतात तें आर्थर मॅलेट या मुलकी अधिकाऱ्याच्या नांवाचें. त्याची पत्नी व मूल सावित्रीच्या मुखाशीं होडी बुडून गेलीं आणि तो त्या कड्यावर बसून खालच्या खोऱ्याकडे पाहात राही, अशी कथा तेथें सांगतात. कथेंत भर किती हें सोडून देऊं. परंतु बाणकोटचा दांडा चुकल्या वेळीं ओलांडणें म्हणजे काय, हें त्या कथेच्या प्रसारावरूनच कळतें.

१८६३ सालीं बोरघाटांतून आगगाडी अखंड जाऊं लागली आणि साहेबांनीं पुणें-वाईचा रस्ता धरला. पुढें पोलादपुराहून महाबळेश्वरास जाणारा आंबेनळीचा घाट बांधला गेला. त्याला गव्हर्नर फिट्झजेराल्ड यांचें नांव मिळालें. तें नांव आतां सरकारी कागदांपुरतेंच उरलें आहे. साहेब गेले तरी खाडी ओस पडली नाहीं. उलट खरी वर्दळ आतांच सुरू झाली, कारण मुंबईंत गिरण्या निघाल्या आणि कोंकणचा माणूस तेथें राबावयास गेला. शिमग्याला, लग्नसराईला, पेरणीच्या आधीं त्याला गांवीं यावयाचें असे. बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या आगबोटी किनाऱ्यानें बंदरें घेत जात. आगबोट खोल पाण्यांत उभी राहावयाची, मचवे तिच्या कुशीला लागावयाचे, आणि वरून ट्रंका, वळकट्या, कोंबड्या, म्हाताऱ्या, सर्व कांहीं हातोहात खालीं उतरावयाचें. खाडीच्या आंत जाण्यासाठीं लहान बोट निराळी. या प्रवासांत मौज होती असें आजचे लेखक लिहितात. ज्यांनीं तो केला त्यांच्या लेखीं मौजेपेक्षां भय अधिक असावें. १९२७ सालच्या ११ नोव्हेंबर रोजीं 'जयंती' आणि 'तुकाराम' या दोन आगबोटी एकाच दिवशीं बुडाल्या. पुढें १७ जुलै १९४७ रोजीं ऐन पावसाळ्यांत रेवसकडे निघालेली 'रामदास' बुडाली, आणि सहाशेंहून अधिक माणसें गेलीं.

नोव्हेंबरांतील त्या अपघातास दीड महिनाही झाला नव्हता, तेव्हांची गोष्ट आतां सांगतों.

१९२७ सालच्या मार्चमध्यें महाडास कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली, आणि २० मार्चला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं हजारों अस्पृश्य बंधूंसह चवदार तळ्यावर जाऊन पाणी घेतलें. तळें नगरपालिकेचें, नगरपालिकेनें तें सर्वांस खुलें केल्याचा ठराव आधींच केलेला, अध्यक्ष सुरेंद्रनाथ टिपणीस अनुकूल. तरी त्या दिवशीं परतणाऱ्या लोकांवर हल्ले झाले, आणि पुढें तळें "शुद्ध" करण्याचा विधि झाला. म्हणून डिसेंबरांत पुन्हां सत्याग्रह करण्याचें ठरलें. आतां हा दुसरा प्रवास आखावयाचा कसा? मुंबईहून धरमतरपर्यंत बोटीनें आणि तेथून मोटारीनें महाड, हा रस्ता होता. पण मोटारवाल्यांनीं या प्रवाशांस नेण्याचें नाकारलें. तेव्हां जुना जलमार्ग पुढें आला. महाडांत धान्य विकत मिळण्याचा भरंवसा नव्हता. शिधा बाहेरून आणून ठेवावा लागला. मार्चमध्यें तर परिषदेच्या पिण्याच्या पाण्यासाठीं चाळीस रुपये मोजावे लागले होते. मंडपास जागा कोणी देईना, ती फत्तेखान नांवाच्या मुसलमान गृहस्थानें दिली. किनाऱ्यावर उतरल्यानंतर पाणी कोठें मिळेल, भाकरी कोठें मिळेल, डोकें कोठें टेकतां येईल, हे प्रश्न इतर प्रवाशांच्या बाबतींत सोयीचे असतात. येथें ते हक्काचे होते.

२४ डिसेंबरच्या सकाळीं 'पद्मावती' आगबोटीनें डॉ. आंबेडकर आणि सुमारें दोनशें प्रतिनिधि मुंबईहून निघाले. त्या दिवशीं अमावास्या होती. रात्रीं हरिहरेश्वरास मुक्काम झाला. दुसऱ्या दिवशीं सकाळीं 'अंबावती' नांवाच्या बोटींत बसून मंडळी खाडींत शिरली आणि दुपारीं साडेबाराच्या सुमारास दासगांवास लागली. आतां मघांचा हिशेब लावून पाहा. २५ डिसेंबर ही शुद्ध प्रतिपदा. प्रतिपदेची पूर्ण भरती पाऊण वाजतां. उधाण नुकतेंच चढलेलें. म्हणजे अंबावती खाडींत आली ती चढत्या पाण्याच्या पाठीवर बसून, आणि दासगांवच्या धक्क्याला लागली ती जवळजवळ पाणी भरलें त्या क्षणीं. परिषदेची तारीख नाताळच्या सुटीवरून ठरली असेल. परंतु बोट केव्हां सुटावी हें ज्या कोणा सारंगानें ठरविलें त्यानें तिथि पाहूनच ठरविलें, असें मानण्यास हरकत नाहीं. भरती चुकती तर दोनशें माणसें खाडीच्या मध्यावर, पाणथळ झाडींत, सहा तास अडकून पडतीं.

दासगांवच्या किनाऱ्यावर तीन हजार सत्याग्रही वाट पाहात होते. हें गांवच कां, याचें उत्तर केवळ पाण्याच्या खोलींत नाहीं. मघांशीं म्हटलें कीं दासगांव अठराव्या शतकापासून कंपनीकडे होतें. कंपनीच्या पलटणींत या खोऱ्यांतील महार तरुण शिरले, सुभेदार-जमादार झाले, पेन्शन घेऊन परतले. त्यांच्या घरांत अक्षरओळख आली, आणि ताठ मानेनें चालण्याची संवयही आली. महाडाजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर अशाच सैनिकी पेशांतून आलेले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांनीं अस्पृश्यतेविरुद्ध लेखणी चालविली. आणि ज्यांच्या खटपटीनें महाडची परिषद मुळांत उभी राहिली ते रामचंद्र बाबाजी मोरे यांचें बालपण याच दासगांवचें. किनाऱ्यावर जे तीन हजार उभे होते ते योगायोगानें जमलेले नव्हते. १७५६ चा तह लिहिणाऱ्यांनीं या गांवाचें नांव घातलें तें खाडीच्या दारासाठीं. त्या दारांतून पुढें कोण आंत येईल याची त्यांना कल्पना नव्हती.

बोटींतून उतरतांच पोलीस अधिकाऱ्यानें जिल्हाधिकाऱ्याचें पत्र डॉ. आंबेडकरांच्या हातीं दिलें, आणि ते भेटीसाठीं पुढें महाडास गेले. बाकीची मंडळी रांगा करून, जयघोष करीत पांच मैल पायीं आली. त्या रात्रीं परिषदेच्या मंडपापुढें मनुस्मृतीचें दहन झालें. तळ्यावर जाणें मात्र त्या वेळीं घडलें नाहीं, कारण विरुद्ध पक्षानें दिवाणी न्यायालयांतून तात्पुरती मनाई आणली होती. दावा दहा वर्षें चालला; १७ मार्च १९३७ रोजीं मुंबई उच्च न्यायालयानें तो अस्पृश्यांच्या बाजूनें निकालांत काढला. आजही प्रत्येक २० मार्चला महाड माणसांनीं भरून जातें. येणारे आगगाडीनें वीर स्थानकावर उतरतात किंवा महामार्गानें येतात. दासगांवच्या धक्क्याकडे फारसें कोणी वळत नाहीं. वळावें, असें मला वाटतें.

जलमार्गाचा अंत कोणा एका वर्षीं झाला नाहीं. डोंगरांतून येणारा गाळ खाडींत सांचत होता. १९२८ सालीं महाडाजवळ सावित्रीवर दगडी कमानींचा पूल झाला, मोटारी वाढल्या, आणि एकेक करून बोटी बंद पडल्या. १९९८ सालीं कोंकण रेल्वे अखंड सुरू झाली तेव्हां त्या मार्गाची आठवण असणारेही थोडेच उरले होते. प्रवासी खाडीस विसरले, पण खाडी आपलें पंचांग विसरली नाहीं. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्रीं तोच १९२८ चा पूल महापुरांत कोसळला आणि एस. टी. च्या दोन गाड्या प्रवाशांसह वाहून गेल्या. त्या दिवशीं आषाढ अमावास्या होती. २२ जुलै २०२१ रोजीं महाड बुडालें आणि तळियें गांवावर डोंगर कोसळला. त्या पावसांत महाबळेश्वरास एका दिवसांत ५९४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला, आणि दोनच दिवसांवर गुरुपौर्णिमा होती. वरून घाटाचें पाणी आणि समोरून उधाण, अशा कात्रींत महाड सांपडतें. जुन्या तांडेलास ही गोष्ट कोणी समजावून सांगावी लागली नसती. त्या पुरानंतर नद्यांतील गाळ काढण्याचें काम सुरू झालें. तें कोठपर्यंत जावें आणि काठच्या जीवांचें काय, हा वाद आहे, आणि तो असणें योग्यच आहे.

कारण काठाला जीव आहेत. आणि येथें उत्तरेच्या सफरीशीं आपला संबंध पुन्हां येतो, तोही अगदीं शब्दशः. हिवाळ्यांत ओहोटी लागली कीं सावित्रीच्या चिखलावर चिमणीएवढे करड्या रंगाचे पक्षी घाईघाईनें चोंची खुपशीत पळतांना दिसतात. हे छोटे टिलवे. उत्तर ध्रुवाजवळच्या ओसाड, झाडें नसलेल्या प्रदेशांत यांचा जन्म होतो. तेथला उन्हाळा संपला कीं हजारों मैल उडून ते आपल्या खाड्यांवर येतात आणि एप्रिल-मेपर्यंत परत जातात. ज्यांना ध्रुवप्रदेशाचा पाहुणा पाहावयाचा आहे त्यांस पारपत्राची गरज नाहीं. त्यांच्या जोडीला तुतवार, कोरल, राखी बगळे, खारफुटीच्या फांदीवर बसलेला काळ्या टोपीचा खंड्या. मुखाकडे जावें तसा समुद्रगरुड दिसूं लागतो. त्याचीं घरटीं उंच झाडांवर असतात आणि वर्षानुवर्षें तींच डागडुजी करून वापरलीं जातात. बाणकोटाशेजारचें वेळास हें नाना फडणीसांचें मूळ गांव. तेथील वाळूंत समुद्रकासवें अंडीं घालतात. चिपळूणच्या सह्याद्रि निसर्गमित्र या संस्थेनें २००२ पासून गांवकऱ्यांस हाताशीं धरून तीं राखलीं. फेब्रुवारीपासून पुढें पहांटे आणि सायंकाळीं पिलें समुद्राकडे जातांना पाहावयास लोक दुरून येतात.

महाडाजवळचें खरें आश्चर्य मात्र मगर. तीस-पस्तीस मैल आंत, गोड्या आणि खाऱ्या पाण्याच्या सीमेवर, वस्तीच्या अगदीं लगत या मगरी आहेत. हा प्राणी थंड रक्ताचा. हिवाळ्यांत त्याला ऊन खावेंच लागतें, म्हणून तो काठावर येऊन तासन् तास जबडा उघडून पडून राहतो. जबडा उघडा ठेवणें हें रागाचें लक्षण नव्हे, अंगांतील उष्णता बेताची राखण्याची ती रीत आहे. फेब्रुवारीपासून माद्या काठच्या मातींत अंडीं घालतात. तेव्हां त्यांच्या वाटेस जाऊं नये. आणि एक गोष्ट निक्षून सांगितली पाहिजे. मगर जवळ यावी म्हणून तिला खाद्य टाकणारा पाहुणा संध्याकाळीं आपल्या घरीं जातो. माणूस दिसला कीं खाद्य मिळतें, ही मगरीची समजूत मात्र मागें राहते, आणि दुसऱ्या दिवशीं त्याच काठावर धुणें घेऊन बाई येते.

ज्यांना हें खोरें पाहावयाचें असेल त्यांनीं नाताळ ते माघ हा काळ धरावा आणि निघण्यापूर्वीं तिथि पाहावी. होडीनें मुखाकडून दासगांवाकडे यावयाचें असेल तर प्रतिपदा-द्वितीया बरी. दुपारची भरती आपोआप वर आणून सोडते, आणि उतरल्यावर सवचीं उन्हाळीं किंवा गांधारपाल्याचीं लेणीं यांपैकीं एकच काय तें उजेडांत होतें. दोन्ही करूं म्हणणारे दोन्ही अर्धीं करतात. रायगडास निराळा दिवस द्यावा. मगरी पाहावयाच्या तर चतुर्थी-पंचमी गांठावी: तीन-पावणेचारची भरती, म्हणजे सकाळीं नऊ-दहाला ओहोटी, महाडापर्यंत पोंचतां पोंचतां आणखी थोडा उशीर, तोंपर्यंत ऊन चढलेलें असतें आणि चिखलाचे काठ उघडे पडलेले असतात. मग पाण्यापासून दूर, उंच काठावर, बोलणें बंद करून उभें राहावें.